माणसे वाटणारे शेतकरी
(जिल्हा मेळाव्यातील भाषणाचे शब्दांकन)



तालुक्याच्या बैठका घेत आम्ही फिरतो तेव्हा दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पहिला प्रश्न म्हातारी माणसे विचारतात. "वाटण्या होता होता दीड एकरावर आलो. गावाने बांध मोडून सगळी जमीन एक केली तर निभेल का?" दुसरा प्रश्न तरुण पोरे विचारतात, तोही जरा दबक्या आवाजात. "बाहेरचे लोक येऊन जमिनी घेताहेत. उद्या गाव त्यांचेच होईल. त्यांना रोखणारा कायदा का मागत नाही?"

प्रश्न दोन दिसतात, पण दोन्हींच्या मुळाशी एकच धास्ती आहे. जमीन हातातून चालली, ही ती धास्ती. आज व्यासपीठावरून आम्ही भावबीव सांगणार नाही. जगाच्या दुसऱ्या टोकाला शेतकऱ्यांचा एक लहानसा समाज आहे. त्याने जमीन एक करून दाखवली. आणि त्याला जमीन घेता येऊ नये म्हणून शेजाऱ्यांनी कायदेही करून दाखवले. दोन्ही प्रयोग झालेले आहेत, त्यांचे निकाल लागलेले आहेत. ते निकाल आपण नीट तपासून पाहू. त्या समाजाचे नाव हटराइट.

कोण हे लोक?

इसवी सन १५२८ मध्ये, आजच्या झेक देशातल्या मोराव्हिया भागात, धर्मछळाला कंटाळून निघालेल्या ख्रिस्ती लोकांच्या एका जथ्याने वाटेत एक घोंगडी अंथरली आणि प्रत्येकाने जवळ असेल नसेल ते तिच्यावर टाकले. तेव्हापासून त्यांच्यात 'माझे' काही नाही, जे आहे ते सगळ्यांचे. याकोब हुटर नावाचा त्यांचा पुढारी टायरोल प्रांतातला. त्याला १५३६ मध्ये इन्सब्रुक शहरात जाळून मारले. त्याच्या नावावरून हे लोक हटराइट झाले. त्यांच्या श्रद्धेची कलमे थोडी आहेत. बाप्तिस्मा कळत्या वयात घ्यायचा, शस्त्र हाती धरायचे नाही आणि खाजगी मालमत्ता ठेवायची नाही.

शस्त्र धरत नाही म्हटल्यावर कुठल्या राजाला असा माणूस चालणार? मोराव्हियातून हाकलले, स्लोव्हाकियात गेले. तिथून ट्रान्सिल्व्हेनिया, मग वालेकिया, आणि १७७० मध्ये युक्रेन. तिथे रशियाच्या सरकारने सैन्यभरतीतून सूट दिली होती. शंभर वर्षांनी ती सूट निघाली तेव्हा १८७४ ते १८७९ या काळात सुमारे बाराशे-तेराशे माणसे बोटीने अमेरिकेत डाकोटा प्रदेशात उतरली.

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. युक्रेनमध्ये असताना या लोकांनी सामाईक मालमत्ता एकदा मोडली होती. १८१९ पासून चाळीस वर्षे ज्याची शेती त्याची, अशी वाटणी चालली. १८५९ मध्ये एका लोहाराच्या पुढाकाराने एका गटाने चूल पुन्हा एक केली. पाठोपाठ दारियस नावाच्या पुढाऱ्याचा दुसरा गट झाला, आणि अमेरिकेत आल्यावर एका शिक्षकाचा तिसरा. आजही त्यांचे हे तीन फाटे आहेत: श्मीडलॉइट, दारियसलॉइट आणि लेररलॉइट. म्हणजे लोहाराचे लोक, दारियसचे लोक आणि मास्तरचे लोक. अमेरिकेत उतरलेल्यांपैकी सुमारे चारशेच माणसे सामाईक वसाहतींत राहिली. बाकीच्यांनी सरकारी योजनेत आपापल्या नावावर जमिनी घेतल्या आणि ते वेगळे झाले. म्हणजे सामाईक शेती हा त्यांच्याही रक्तातला गुण नव्हे. जमली त्यांनी केली, जमली नाही त्यांनी सोडली.

शिरगणती काय सांगते?

आता ते राहतात कुठे आणि आहेत किती ते पाहू. कॅनडाच्या २०१६ च्या जनगणनेत हटराइटांच्या ३७० वसाहती आणि ३५,०१० माणसे मोजली गेली. आपल्याकडच्या एखाद्या नगरपालिकेच्या गावाएवढी ही वस्ती. त्यांतली १६,९३५ आल्बर्टा प्रांतात, ११,२७५ मानिटोबात आणि ६,२५० सस्कॅचवानमध्ये. ब्रिटिश कोलंबियात थोडीशी. सीमेच्या दक्षिणेला, अमेरिकेत, मुख्यत्वे मोंटाना आणि साउथ डाकोटा ही दोन राज्ये. त्याखेरीज नॉर्थ डाकोटा, मिनेसोटा आणि वॉशिंग्टन राज्यांत थोड्या वसाहती. सगळे मिळून आज पन्नास हजारांच्या आसपास लोक आणि पाचशेच्या आसपास वसाहती. मिसुरी नदीकाठी १८७४ मध्ये वसवलेली बॉन होम ही साउथ डाकोटातली पहिली वसाहत अजून नांदती आहे.

आता यांचे लोकसंख्येतले प्रमाण काढा. आल्बर्टाची लोकसंख्या २०१६ मध्ये ४० लाख ६७ हजार. म्हणजे हटराइट हजारात चार. सस्कॅचवानमध्ये हजारात सहा. मानिटोबात हजारात नऊ. सगळ्या कॅनडात हजारी एक. मोंटाना आणि साउथ डाकोटातही हे प्रमाण टक्क्याच्या आतच आहे. कुठल्याही प्रांतात, कुठल्याही राज्यात हे लोक शंभरात एकसुद्धा नाहीत!

मग त्यांची एवढी भीती का वाटली? हिशेब जवळून पाहिल्याशिवाय हे कळत नाही. हे लोक शहरात राहत नाहीत. सगळेच्या सगळे कोरडवाहू गवताळ पठारावर, गव्हाच्या आणि गुरांच्या मुलखात. तिथे वस्ती किती विरळ? मोंटानात लिबर्टी नावाची एक काउंटी आहे. काउंटी म्हणजे आपला तालुका-जिल्हा यांच्या मधले काहीतरी. २०२० च्या जनगणनेत त्या आख्ख्या काउंटीत १,९५९ माणसे. आपल्याकडे एवढी एका ग्रामपंचायतीत असतात. अशा काउंटीत शंभर माणसांची एक वसाहत आली की ती झाली शंभरात पाच. दोन आल्या की दहा. राज्याच्या तक्त्यात न दिसणारा समाज शाळेच्या पटावर, बाजारच्या रस्त्यावर आणि जमिनीच्या खरेदीखतावर एकदम डोळ्यांत भरतो.

दुसरे कारण बाजाराचे आहे. मोंटाना राज्यातली बहुतेक सगळी अंडी आणि डुकरे हटराइट वसाहतींतून बाजारात येतात. लोक अर्धा टक्का, पण अंड्याच्या बाजारात त्यांच्याशिवाय पान हलत नाही. हे लोक जुन्या वळणाचा पोशाख करतात, घरी जुनी जर्मन बोली बोलतात, पण शेती बैलाची नाही. मोठमोठे ट्रॅक्टर, मळणीयंत्रे, संगणकावर चालणारे कोंबड्यांचे आणि डुकरांचे गोठे, स्वतःचे वर्कशॉप असे सगळे त्यांच्याकडे आहे. धर्म सोळाव्या शतकातला आणि नांगर या वर्षीचा.

तिसरे कारण म्हणजे वाढ. १८८० मध्ये वसाहतींत ४४३ माणसे होती. १९५० मध्ये ती ८,५४२ झाली. सत्तर वर्षांत एकोणीसपट, आणि तीही बाहेरून जवळजवळ कोणी न येता. जोसेफ ईटन आणि आल्बर्ट मेयर या दोन संशोधकांनी १९५४ मध्ये हे आकडे प्रसिद्ध केले. एकेका बाईला सरासरी दहाच्या वर मुले. लोकसंख्याशास्त्रात 'नैसर्गिक प्रजनन' कशाला म्हणायचे याचे माप म्हणून जगभर हटराइट बायकांचाच आकडा वापरतात. हा आकडा ऐकून शेजाऱ्यांनी त्रैराशिक मांडले. सत्तर वर्षांत एकोणीसपट, तर पुढच्या सत्तरात किती? उत्तर येते दीड लाखाच्या वर. मग जमीन कोणाची राहणार?

ते दीड लाख काही आले नाहीत. पन्नास हजारांच्या आसपास आले. लग्ने उशिरा होऊ लागली, मुले निम्म्यावर आली, काही तरुण बाहेर पडले, यंत्रांमुळे हातही कमी लागू लागले. २०१६ मध्ये कॅनडातल्या वसाहतींत विशीच्या आतले अजून शंभरात चव्वेचाळीस होते, देशात मात्र बावीस. म्हणजे समाज तरुण आहे, वाढतोही आहे. पण भीतीने मांडलेले त्रैराशिक चुकले. माणसांची वाढ व्याजासारखी मोजायची नसते.

भीतीने केलेले कायदे

भीती नुसती बोलण्यात राहिली नाही. पहिल्या महायुद्धात, १९१८ मध्ये, साउथ डाकोटातल्या चार हटराइट तरुणांना सैन्यात बोलावले. गणवेश घालायला त्यांनी नकार दिला. त्यांना आल्काट्राझच्या तुरुंगात टाकले, तिथून फोर्ट लेव्हनवर्थला नेले. त्यांतले दोघे, जोसेफ आणि मायकेल होफर हे सख्खे भाऊ, तिथे मरण पावले. गावकऱ्यांच्या जमावाने एका वसाहतीची गुरे-मेंढरे हाकून नेली, कारण हे लोक युद्धाचे कर्जरोखे घेत नव्हते. त्यानंतर वसाहतींनी गाडगी-मडगी उचलली आणि सीमा ओलांडून त्या कॅनडात गेल्या. अखेर जुन्या वसाहतींपैकी एकटी बॉन होमच मागे उरली. १९३० नंतरच्या मंदीत जमिनी ओसाड पडू लागल्या, तेव्हा साउथ डाकोटाने १९३५ मध्ये सामाईक शेतीच्या संस्थांना कायद्याने वाट करून दिली आणि हेच लोक परत आलेले राज्याला चालले. बाजारात जमिनीला गिऱ्हाईक नसले की परका माणूस आपला होतो, हे यातून शिकावे.

पुढे दुसरे महायुद्ध आले. आल्बर्टात १९४२ मध्ये कायदा झाला की शत्रुराष्ट्रांचे नागरिक आणि हटराइट यांना जमीन विकायची नाही. १९४७ मध्ये त्याच्या जागी दुसरा कायदा आला. नव्या वसाहतीला ६,४०० एकरांची कमाल मर्यादा, आणि जुन्या वसाहतीपासून चाळीस मैलांच्या आत नवी वसाहत नाही. पुढे अंतराची अट जाऊन मंडळाच्या परवानगीची अट आली. १९६९ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयानेही हा कायदा वैध ठरवला. तो रद्द व्हायला १९७३ उजाडले. मानिटोबात कायदा झाला नाही, पण १९५७ मध्ये तिथल्या ग्रामीण नगरपालिकांच्या संघाने हटराइटांशी करार केला की एका हद्दीत दोनच वसाहती, आणि त्याही दहा मैलांच्या अंतराने.

या कायद्यांनी साधले काय? हटराइट संपले का? नाही. आल्बर्टाचे दार लोटल्यावर ते मोंटानात गेले, १९५२ पासून सस्कॅचवानमध्ये गेले. ज्यांना एका कोपऱ्यात ठेवायचे होते ते तीन राज्यांत पसरले. आज हटराइटांचा जो नकाशा दिसतो, तो निम्मा त्यांच्या शत्रूंनी काढलेला आहे.

आणि भावांनो, या कायद्यात मार कोणाला बसला, हे कोणी विचारत नाही. हटराइट विकत घ्यायचे. पण विकत होता कोण? तो शेजारचा कॅनडियन शेतकरीच ना? ज्याची पोरे शहरात गेली, ज्याचे कर्ज थकले, ज्याला म्हातारपणी चार पैसे हवे होते, त्याच्या जमिनीचे सगळ्यात रोख गिऱ्हाईक सरकारने बाजारातून उठवून लावले. गिऱ्हाईक कमी झाले की भाव पडतो. कांद्याचा पडतो तसा जमिनीचाही पडतो. परक्याला रोखण्यासाठी केलेली बंदी आपल्याच माणसाच्या खिशातून वसूल होते.

आपल्याला हे नवे नाही. १९४८ च्या कूळ कायद्याने बिगर-शेतकऱ्याला जमीन विकायला परवानगी लागते. १९६१ च्या कमाल जमीन धारणा कायद्याने कोरडवाहूला ५४ एकरांचे कुंपण घातले. हेतू सांगताना शेतकऱ्याच्या रक्षणाचेच सांगितले. रक्षण किती झाले ते आपापला सातबारा काढून बघा.

गाव कोणी रिकामे केले?

आल्बर्टा-सस्कॅचवानच्या लोकांची तक्रार अशी की हटराइट जमिनी गिळतात, सामान घाऊक शहरातून आणतात, गावातली दुकाने बंद पडतात. यात थोडे तथ्य आहे. शंभर माणसांचा एकच स्वयंपाकघर-कारभार असेल तर कोपऱ्यावरच्या दुकानात कोण जाईल?

पण पुढचा आकडा ऐका. सस्कॅचवानमध्ये १९३६ साली १,४२,३९१ शेते होती. २०१६ साली ३४,५२३ उरली. चारातली तीन शेते गेली. ती सहा हजार हटराइटांनी गिळली काय? ती गिळली दुष्काळाने, कर्जाने आणि गव्हाच्या भावाने. मागे राहिलेल्या शेजाऱ्याने निघून गेलेल्याची जमीन घेतली आणि शेत मोठे केले. २०१६ मध्ये आल्बर्टातल्या एका सरासरी शेताचा आकार होता १,२३७ एकर. आता हिशेब करा. पंधरा कुटुंबांच्या एका वसाहतीकडे दहा हजार एकर धरा. ऐकायला केवढे वाटते! पण कुटुंबामागे आले पावणेसातशे एकरांच्या आत. म्हणजे ज्या शेजाऱ्याला हटराइट जमीनखाऊ वाटतो, त्या सरासरी शेजाऱ्याकडे हटराइट कुटुंबाच्या दुपटीएवढी जमीन आहे. फरक एवढाच की त्याची जमीन एका नावावर आहे म्हणून दिसत नाही, यांची एकत्र आहे म्हणून दिसते.

खरे म्हणजे हटराइटांचे प्रमाण दोन वाटांनी वाढते. एक, त्यांची माणसे वाढतात. दोन, इतरांची माणसे निघून जातात. पहिल्या वाटेची चर्चा सगळे करतात, दुसरीची कोणी करत नाही. कुठल्याही गावात 'बाहेरचे फार झाले' असे कोणी म्हटले, तर आम्ही आधी विचारतो: तुमचे किती कमी झाले, आणि का?

वाटणी करायची रीत

आता पहिल्या प्रश्नाकडे येऊ, म्हाताऱ्यांच्या प्रश्नाकडे. हे लोक जमीन एक ठेवून निभावतात कसे?

वसाहतीत धर्मगुरू असतो. उमेदवार लोक सुचवतात आणि निवड चिठ्ठी टाकून होते. हिशेबाला एक कारभारी असतो, तिजोरी त्याच्याकडे. शेतीला वेगळा कारभारी, कोणी कुठे काम करायचे ते तो ठरवतो. गाईंचा एक प्रमुख, डुकरांचा एक, कोंबड्यांचा एक, वर्कशॉपचा एक. मोठे निर्णय बाप्तिस्मा झालेले पुरुष मताने घेतात. जेवण एका मोठ्या खोलीत, पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या बाजूला, मुले वेगळी. पंधराव्या वर्षी मूल मोठ्यांच्या पंगतीला येते आणि कामाला लागते. पगार कोणाला नाही, हातखर्चाला थोडे पैसे. जे पिकते ते विकायचे, आणि शिल्लक उरते ती तिजोरीत.

ती शिल्लक कशासाठी? ऐकण्यासारखे आहे ते हेच. वसाहतीत माणसे सव्वाशे-दीडशेच्या घरात गेली की कामे पुरत नाहीत, पोरे रिकामी बसतात, भांडणे लागतात. हे त्यांना चार शतकांच्या अनुभवाने माहीत आहे. म्हणून ती वेळ येण्याच्या कितीतरी वर्षे आधीपासून ते पैसे साठवतात आणि दुसरीकडे जमीन पाहून ठेवतात. तिथे घरे बांधतात, गोठे बांधतात, पेरणी सुरू करतात. मग कुटुंबांच्या दोन याद्या होतात. वय पाहून, हुन्नर पाहून, नातीगोती पाहून दोन्ही पारडी सारखी करतात. काही फाट्यांत अशी रीत आहे की सगळीच कुटुंबे सामान बांधून तयार राहतात, आणि कुठली यादी निघणार आणि कुठली राहणार ते अगदी शेवटी चिठ्ठीने ठरते. आपण जाणार की राहणार हे माहीत नसेल, तर नव्या घराला कच्ची वीट कोण लावेल? आणि जुन्या गोठ्यातली चांगली गाय कोण लपवेल? वाटणी करणाऱ्याला कुठला वाटा मिळेल हे ठाऊक नसणे, यापरता चांगला पंच आम्हाला तरी ठाऊक नाही.

मायबहिणींनो, आपल्या घरी काय होते? बाप असेपर्यंत विषय काढायचा नाही. बाप गेला की तेराव्याच्या आत फीत घेऊन बांधावर. तीन भाऊ तर तीन पट्ट्या, विहीर सामाईक, मोटारीवरून भांडण, रस्त्यावरून कोर्ट. १९७०-७१ च्या गणनेत महाराष्ट्रात सरासरी धारणक्षेत्र ४.२८ हेक्टर होते. २०१५-१६ च्या गणनेत ते १.३४ हेक्टरांवर आले. एका माणसाच्या हयातीत तिसरा हिस्सा उरला! हटराइट माणसे वाटतात, शेत वाटत नाहीत. आपण शेत वाटतो, आणि माणसे तिथल्या तिथेच राहतात.

आम्ही शेतकी कॉलेजात चार वर्षे शिकलो. एकरी उत्पादन कसे वाढवायचे ते शिकवले, खताच्या मात्रा पाठ करून घेतल्या. एकराचे तुकडे झाल्यावर काय करायचे, आणि पुढच्या पिढीसाठी भांडवल कुठून आणायचे, यावर एक तासही झाला नाही. तो धडा आम्ही नंतर, तुमच्या ओसरीवर बसून शिकलो.

ही चूल आपल्याला नको

तर मग बांध मोडून सगळे एक करायचे का? आमचे उत्तर स्पष्ट आहे: नाही.

या चुलीची किंमत ऐका. हटराइट माणूस वसाहत सोडून निघाला तर रिकाम्या हाताने निघतो. वीस वर्षे राबला असला तरी त्याचा वाटा नाही. मानिटोबातल्या एका वसाहतीतून काढलेल्या सभासदांनी वाटा मागितला. १९७० मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, मिळणार नाही, कारण तुम्हीच सर्व काही वसाहतीचे असे कबूल केले होते. दुसऱ्या एका वसाहतीत डुकरांना खाद्य देण्याच्या एका यंत्राच्या पेटंटवरून भांडण झाले आणि सभासदाला काढून टाकले. १९९२ मध्ये त्याच न्यायालयाने एवढेच म्हटले की काढायचे तर रीतसर नोटीस द्या, म्हणणे ऐकून घ्या. घामाचा दाम मागायची सोय तिथे नाही.

आणि बायका? स्वयंपाकघर त्यांचे, बाग त्यांची, शिवण त्यांचे, पण मत नाही. सातबाऱ्यावर बाईचे नाव लागावे म्हणून ज्या चळवळीने गावेच्या गावे पालथी घातली, तिने मुळात कोणाचेच नाव नसलेला आणि बाईला बोटही वर करू न देणारा कारभार आदर्श म्हणून कसा सांगायचा? हे लोक श्रद्धेने हे सारे पत्करतात, त्यांचा त्यांना अधिकार आहे. श्रद्धेने एकत्र येणे वेगळे आणि सरकारी फतव्याने बांध मोडणे वेगळे. फतव्याने केलेल्या सामूहिक शेतीचे काय झाले ते रशियाने जगाला दाखवले आहे. त्याच रशियाच्या मातीत हटराइटांनीही चाळीस वर्षे चूल मोडली होती, हे मघाशी सांगितले.

शिवाय त्यांच्याकडे मोकळे पठार होते. आपल्याकडे नवी वसाहत बसवायला रिकामी दहा हजार एकर कुठे आहे?

घ्यायचे ते काय?

घ्यायचे ते तीन गोष्टींत.

पहिली, मोजल्याशिवाय घाबरू नका. कोणी सांगितले की अमके लोक गाव गिळताहेत, तर तलाठ्याकडे जा, खरेदीखते मोजा, माणसे मोजा. हजारात चार असलेल्यांच्या भीतीने आल्बर्टाने तीस वर्षे कायदा चालवला आणि पदरात काही पडले नाही.

दुसरी, विकत घेणाऱ्यावर बंदी मागू नका, विकायची वेळ आणणाऱ्या कारणावर बोट ठेवा. ज्याला पिकाचा भाव मिळतो तो जमीन विकत नाही, आणि विकलीच तर आपल्या मर्जीने, आपल्या दराने विकतो. जमीन वाचवायचा खरा कायदा बाजार समितीच्या आवारात लिहिला जातो.

तिसरी, वाटणीची तयारी वाटणीच्या आधी करा. जमीन ज्याची त्याच्या नावावर राहू द्या. पण बियाणे, खत, औजार, गोदाम, विक्री यांसाठी एकत्र येण्याला बांध मोडावा लागत नाही. २००२ च्या दुरुस्तीने उत्पादक कंपनी काढायची सोय कायद्यात झाली आहे. निघायचे तर तिथे आपला भाग घेऊन निघता येते. आणि घरात, थोरला दहावीला गेला की तेव्हाच बसा. दोघांतला एक शेतावर राहणार असेल तर दुसऱ्याला कशाचे भांडवल द्यायचे, दुकानाचे, वर्कशॉपचे, शिक्षणाचे, ते मोजा आणि साठवायला लागा. लेकीलाही त्या बैठकीत बसवा. तिचाही वाटा आहे, तो कायद्याने आहे.

तुम्ही म्हणाल, साठवायचे कशातून? शिल्लक राहते कुठे? बरोबर आहे. हटराइटांचीही सगळी रीत त्या एका तिजोरीवर उभी आहे. तिजोरी रिकामी असती तर चिठ्ठ्या टाकायला दुसरी वसाहतच नसती. शेतात शिल्लक उरली तर भावाभावांत वाटायला काहीतरी असते, नाही उरली तर वाटायला फक्त बांध असतो. म्हणून लढाई शिल्लकीसाठी आहे.

घरी गेल्यावर आज रात्री एक काम करा. सातबारा काढा, पोरांना समोर बसवा, आणि बाप जिवंत असताना विषय काढा.